टाकीच्या डावीकडचा उजेड

१२ जानेवारी २०२५, रविवार

टाकी आली. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. आठ माणसांनी उचलून आणली आणि ती दारातून आत येईपर्यंत मी जीव मुठीत धरून उभा होतो.

हे सगळं सामान मालाडच्या हर्षदच्या शोभेच्या माशांच्या दुकानातून येणार आहे. तो म्हणाला, काका, एक वही घाला. रोजचं तापमान, पाण्याचा खारटपणा, दिवे किती तास लागले, सगळं लिहून ठेवा. उद्या काही बिघडलं तर का बिघडलं ते वहीत सापडतं. म्हणून ही वही. हिच्यात फक्त टाकीचं लिहायचं. घरातल्या कुरबुरींना इथे जागा नाही, हे पहिल्याच पानावर नमूद करून ठेवतो.

गोरेगावात तळमजल्यावर राहतो याचा आज पहिल्यांदा फायदा झाला. वर कुठे असतो तर एवढ्या वजनाला सोसायटीने हरकत घेतली असती.

नवल वाटलं ते शुभाचं. मी तीन फुटी टाकीचं ठरवत होतो. साधा मिक्सर घ्यायचा तर ही बाई चार दुकानं पालथी घालते, पण इथे कॅटलॉगकडे नजरही न टाकता म्हणाली, "घ्यायची तर मोठीच घ्या. सहा फुटी." चौतीस वर्षांच्या संसारात इतका झटपट होकार मला मिळालेला नाही. स्टुडिओतून रिटायर झाल्यावर दीड-एक वर्ष मी खिडकीपाशी नुसता बसून असायचो, पेपरची घडीसुद्धा मोडायचो नाही. त्याला ती विटली असणार. टाकीला जागा व्हावी म्हणून तिने स्वतःचं शिलाई मशीनही मुलीकडे, गंधालीकडे, मुलुंडला पाठवून दिलं. म्हणाली, मला आता लागत नाही.

वर टोमणा मारायला विसरली नाही. आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याजवळचं. न खायचे मासे घरात आणणारे तुम्ही घराण्यातले पहिलेच, म्हणाली.

१९ जानेवारी, रविवार

आज प्रकाशयोजना. हे माझं काम. हर्षदने एक तयार आराखडा पाठवला होता, तो बाजूला ठेवला. छत्तीस वर्षं मी गोरेगावच्या स्टुडिओत दिवे लावले. साधा लाइटमन म्हणून लागलो आणि प्रकाश विभागाचा प्रमुख म्हणून बाहेर पडलो. मला सहा फुटांची काचेची पेटी उजळायला कोणी शिकवायला नको.

टाकीत माशांबरोबर प्रवाळही ठेवायचा आहे. प्रवाळ दिसतो झाडासारखा, पण प्राणी आहे. त्याच्या अंगात बारीक शेवाळं राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि प्रवाळ त्याच्यावर जगतो. म्हणजे उजेड हाच त्याचा वरणभात. तो कमी पडला तर उपाशी, जास्त झाला तर शेवाळं अंग सोडून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. हे हर्षदने सांगितलं, आणि तेवढं मला पटलं.

छताला लोखंडी पाइप, त्यावर चार एलईडी दिवे, निळा उजेड जास्त, पांढरा कमी. कंपनी प्रत्येक दिव्याबरोबर एक छापील कागद देते. दिवा टांगल्यावर उजेड कुठे दाट पडतो, कुठे विरळ, कुठे पोचतच नाही, ते त्यात काळ्या-करड्या छटांनी दाखवलेलं असतं. असे कागद मी उभ्या आयुष्यात हजारांनी वाचलेत. कागद बघूनच अंधार कुठे राहणार ते मला कळतं.

मोजायला माझं लक्समीटर आहे, तीस वर्षांचं, चामड्याच्या म्यानातलं. हर्षद म्हणाला, काका, निळ्या उजेडाला हे मीटर चालत नाही, आपल्याकडे वेगळं आहे, लागलं तर घेऊन जा. मी म्हटलं, मोठमोठे कॅमेरामन या मीटरवर विश्वासून होते, तुझे मासेही ठेवतील.

शुभाने चहा ओतताना अर्धा कपाबाहेर ओतला आणि माझ्या दिव्यांच्या नकाशाचा डावा कोपरा भिजवला. लक्ष नसतं हिचं हल्ली.

९ फेब्रुवारी, रविवार

पाणी भरून तीन आठवडे झाले. तापमान २६. आत अजून नुसते दगड आहेत. पाणी मुरायला वेळ लागतो, तोवर दिवे लावायचे नाहीत.

टाकीखालच्या कपाटाचं दार मी उघडं ठेवलं होतं, शुभा सरळ त्याच्यावर जाऊन आदळली. नडगी काळीनिळी झाली. दार डोळ्यांसमोर उघडं होतं. मी म्हटलं, बघून चालत जा गं. म्हणाली, चुकलं.

२ मार्च, रविवार

मासे आले. दोन जोकर, केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे, आणि एक पिवळाधमक, तळहाताएवढा. प्रवाळाचे पाच तुकडे आले. समुद्रातून ओरबाडलेले नव्हेत, परदेशात टाक्यांमध्येच वाढवलेले आणि रीतसर कागदपत्रांसह आलेले. त्याशिवाय घेणार नाही असं मी हर्षदला आधीच बजावलं होतं. त्यातला सर्वांत देखणा हिरव्या लांब बोंडांचा आहे, पाण्याबरोबर सगळा डुलतो. शुभाने त्याला बघून 'गजरा' म्हटलं आणि तेच नाव पडलं. गजरा डाव्या बाजूच्या दगडावर ठेवला.

दिवे पहिल्यांदा लागले. मी पुष्कळ सेट उजळले, पण हे काही वेगळंच.

शुभाने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून टाकीसमोर ठेवली आणि तासभर हलली नाही. बसते तीही मजेशीर, कोंबडीसारखी मान एकदा इकडे, एकदा तिकडे. पिवळा तिच्या अगदी पुढ्यातून डावीकडे गेला आणि ही विचारते, पिवळा कुठे गेला? मी म्हटलं, तो काय. म्हणाली, लपतो मेला.

११ मार्च, मंगळवार

शुभाची तक्रार आहे की टाकीची डावी बाजू अंधारी दिसते. मी मीटर लावून दाखवलं. डावीकडे, मध्ये, उजवीकडे आकडे जवळपास सारखे. ती म्हणाली, तुमचं मीटर म्हणतं तर असेल.

तिच्या या बोलण्याचा मला राग येतो, कारण त्यात होकार नसतो. पण मी मनात म्हटलं, सेटवर दिग्दर्शक म्हणायचा इथे अंधार वाटतो, तेव्हा मी त्याच्याशी आकड्यांवरून भांडायचो का? दिवा वाढवून द्यायचो. बघणाऱ्याला दिसलं नाही तर उजेड कमीच. डावीकडचे दोन दिवे थोडे वाढवले.

ती परवा पार्ल्याला सुहासिनीकडे जाऊन आली. ही तिची शाळेतली मैत्रीण. दर दोन-तीन महिन्यांनी जाते आणि आली की दिवसभर गप्प असते. दोघींचं काहीतरी वाजत असावं.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली. रांगोळी मात्र शेजारच्या निधीने काढली. शुभाने या दारात दरवर्षी ठिपक्यांची रांगोळी घातली आहे, यंदा म्हणे कंबर धरते. निधीने रेघा कशाबशा जोडल्या. शुभाने वाकून कौतुक केलं आणि एक पाऊल त्या रांगोळीवरच टाकलं. पोरगी हिरमुसली.

हर्षदने प्रवाळांसाठी पातळ खाद्य दिलं आहे, सहा बाटल्या, फ्रिजच्या दारातच ठेवायच्या. तिथे शुभाच्या डोळ्यांच्या थेंबांची चार खोकी होती. डोळे कोरडे पडतात म्हणून घालते, चार-चार महिन्यांचे एकदम आणते. मी ती खोकी काढून शोकेसमधल्या औषधांच्या डब्यात ठेवली आणि तिला सांगितलं. ती जरा थांबली. मग म्हणाली, बरं.

८ एप्रिल, मंगळवार

तापमान २७. डावी बाजू अजून अंधारीच आहे म्हणते. मीटर पुन्हा लावलं. आकडा मोठा नाहीच, निळ्याला तर हलतच नाही. डावे दोन्ही दिवे ऐंशी टक्क्यांवर नेले. संध्याकाळी विचारलं, आता? म्हणाली, आता थोडं बरं वाटतंय.

बायकोला खूश करायला मला इतका आटापिटा कधी करावा लागला नव्हता. पण तिला या टाकीची गोडी लागली आहे, हे मला फार आवडतं. इतकी वर्षं मी दिवे कुठेतरी परक्या भिंतींवर टाकत आलो. ती सेटवर दोनदाच आली होती.

१७ एप्रिल, गुरुवार

गजरा पांढरा पडला.

कालपर्यंत हिरवा होता. थोडा फिका वाटला होता, मी म्हटलं उजेडामुळे वाटत असेल. आज सकाळी दिवे लागले आणि बघतो तर हाडासारखा पांढराफटक. बोंडं आत ओढलेली, खालचा सांगाडा दिसतोय. डावीकडचा दुसरा तुकडाही तसाच. उजवीकडचे तीन ठीक.

मी शुभाला हाक मारली. ती आली, टाकीसमोर उभी राहिली, मान हलवून बघितलं आणि म्हणाली, "छान दिसतोय की." मी म्हटलं, छान? मेलाय तो जवळजवळ. तिचा चेहरा एकदम उतरला. म्हणाली, मला वाटलं तुम्ही पिवळ्याबद्दल बोलताय.

मग मी नको ते बोललो. तुला कशाचंच काही पडलेलं नाही, नुसती खुर्ची टाकून बसतेस, डोळे उघडे असून बघत नाहीस, असं बोललो. ती स्वयंपाकघरात गेली. मी दिवे बंद करून अंधाऱ्या टाकीसमोर बसून राहिलो. हे टाकीच्या वहीत लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

हर्षद आला, त्याचं मीटर घेऊन. पाण्यात सोडायचा लांब दांडा असतो त्याला. गजऱ्याला सव्वाशे-दीडशे पुरे होतं. आकडा आला चारशे सत्तर.

मी माझं मीटर शेजारी धरलं, ते आपलं शांत. हर्षदने माझा मान ठेवून समजावलं. म्हणाला, "काका, तुमचं मीटर खोटं नाही बोलत. ते माणसाच्या डोळ्याला जेवढं दिसतं तेवढंच मोजतं. निळा त्याला कमी दिसतो, म्हणून त्याने कमी सांगितला. पण प्रवाळाला तो पूर्ण लागतो ना."

छत्तीस वर्षं मी ज्या आकड्यावर बोट ठेवून भांडलो, तो आकडा म्हणजे सगळा उजेड नव्हता. हे साठी उलटल्यावर मला एका मासेवाल्याने सांगितलं. त्याने दिवे वीस टक्क्यांवर आणले. म्हणाला, आठवड्याला फार तर पाच टक्के वाढवायचे, गजरा जागचा हलवायचा नाही, शेवाळं परत आलं तर आलं.

जाताना त्याने विचारलं, डावीकडेच का एवढे वाढवले? मी म्हटलं, तुझ्या काकूंना तिथे अंधार वाटतो. शुभा आतून पाणी घेऊन येत होती, तिथेच थबकली. तिला अपराधी वाटलं असावं. मी नंतर म्हटलं, तुझा दोष नाही, मोजणारा मी होतो.

४ मे, रविवार

उकाडा सहन होत नाही. टाकीचं तापमान २८, पंखे लावून. दिव्यांना वीज पुरवणारी चार खोकी मी शोकेसमध्ये खालच्या कप्प्यात बसवली आहेत, ती जाम तापतात. थर्मामीटर ठेवून बघितलं तर दुपारी शोकेसमध्ये ४१. एवढ्या गरमीत त्यांचं आयुष्य कमी होईल म्हणून त्यांच्यासाठी एक छोटा पंखा आणून लावला.

गजरा तसाच आहे. मेला नाही, जगत नाही.

शुभा संध्याकाळी बाहेर पडत नाही आता. भाजीलाही मलाच पाठवते. म्हणते, कंटाळा येतो.

१२ मे, सोमवार

काय झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे माझं मलाच कळेल.

सकाळी दहाला शुभा दूध आणायला गेली. सोसायटीच्या गेटबाहेर डावीकडून एक मोटरसायकल आली. हळू होती. वॉचमन माणिकने डोळ्यांनी पाहिलं. तो म्हणाला, "साहेब, पोराने हॉर्न मारला, ब्रेकपण मारला. वहिनी चालतच राहिल्या. जसं काय तिकडे काही नाहीच."

मनगटाला मार. हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, बारीक चीर निघाली, प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं, शुगर, बीपी, काही औषधं चालू आहेत का? मी तिच्या वतीने म्हटलं, काही नाही.

शुभा म्हणाली, "काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांना. रोज थेंब घालते."

मला वाटलं ती दुसऱ्या कोणाबद्दल सांगते आहे. खरंच असं वाटलं. डॉक्टर लिहून घेत होते, किती दिवसांपासून, आणि ती म्हणाली दीड वर्ष. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. तिची पर्स माझ्या मांडीवर होती.

रिक्षात मी एवढंच विचारलं, मोतीबिंदू का? ऑपरेशन करून टाकू. ती म्हणाली, "मोतीबिंदू नाही हो. काचबिंदू. गेलेलं परत येत नाही."

१३ मे, मंगळवार

टाकीची नोंद नाही.

गंधाली आली, प्लास्टर बघून रडली. तिलाही ठाऊक नव्हतं. फक्त सुहासिनीला होतं. पार्ल्याला जायची ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे, सुहासिनी हात धरून न्यायची. माझी बायको दीड वर्ष मैत्रिणीचा हात धरून रस्ता ओलांडत होती आणि दोघींचं बिनसलंय असं मी समजत होतो. गंधालीने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा, एकाच घरात राहता ना रे तुम्ही?"

चष्म्याचा नंबर काढायला गेली होती, तेव्हा कळलं म्हणे. त्या वेळी मी खिडकीपाशी बसलेला होतो. शुभा म्हणाली, तुम्हाला तेव्हा सांगून काय झालं असतं, खिडकीत आपण दोघं बसलो असतो.

१५ मे, गुरुवार

आज मी हात धरून नेलं. पार्ल्याच्या डॉक्टर बाई शांत आहेत. म्हणाल्या, तुम्ही आलात, बरं झालं.

त्यांनी फाइलमधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तपासणीच्या यंत्रात तिने कुठे कुठे दिव्याचा ठिपका पाहिला आणि कुठे नाही, त्याचा नकाशा. डाव्या डोळ्याचा एक, उजव्याचा एक. काळ्या-करड्या छटा. बाई समजावून सांगू लागल्या, पण मला समजवायची गरज नव्हती. असेच कागद मी जन्मभर वाचले. उजेड कुठे दाट, कुठे विरळ, कुठे पोचतच नाही. डावा डोळा जवळजवळ सगळा काळा. उजव्यात मध्ये थोडी पांढरी जागा, तिच्या डावीकडे काळं, कडांना काळं. मी तो कागद हातात घेतला आणि मला त्यात टाकीची डावी बाजू दिसली. गेट दिसलं. कपाटाचं दार, चहाचा कप, निधीची रांगोळी दिसली.

मला वाटलं होतं की याहून वाईट काही ऐकायचं राहिलेलं नाही.

मग त्या म्हणाल्या, डोळ्यातला दाब थेंबांनी छान खाली आला होता, वर्षभर सोळाच्या आसपास होता. आज एकोणतीस आहे. त्यांनी शुभाला विचारलं, थेंब चुकले का? नाही. एकही दिवस? एकही नाही. मग विचारलं, ठेवता कुठे? न उघडलेल्या बाटल्या फ्रिजमध्येच ठेवायच्या असतात, उन्हाळ्यात बाहेर राहिल्या तर औषधाचा जोर जातो.

शुभा म्हणाली, फ्रिजमध्येच असतात. माझ्यासाठी ती डॉक्टरशी खोटं बोलली.

मी म्हटलं, नाही. मी काढले. ३० मार्चला. शोकेसमध्ये ठेवले, तिथे ४१ होतं, मी मोजलंय.

बाई म्हणाल्या, त्यामुळेच दाब वाढला असं खात्रीने सांगता येणार नाही, आजारही आपोआप पुढे जातो. त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं, पण आता मला जन्मभर खात्री करता येणार नाही. नवे थेंब दिले. पंधरा दिवसांत दाब उतरला नाही तर ऑपरेशन. जे गेलं ते गेलं, उरलंय ते वाचवू, म्हणाल्या.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, फ्रिजमध्ये ठेवायचे हे तुला माहीत होतं?

"माहीत होतं."

मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तर तुम्ही विचारलं असतंत, कशाचे थेंब."

मी फ्रिज उघडला. दारात प्रवाळाच्या खाद्याच्या सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या, लेबलं पुढे करून, मीच लावलेल्या.

१६ मे, शुक्रवार

ही वही पहिल्या पानापासून वाचली. काही बिघडलं तर का बिघडलं ते वहीत सापडतं, असं हर्षद म्हणाला होता. सगळं आहे. शिलाई मशीन पहिल्याच दिवशी आहे. चहा आहे तारखेसकट, दार आहे, पिवळा आहे. तिने दीड वर्ष माझ्यापासून लपवलं असं मी गंधालीला सांगत होतो. चार महिने तर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

१७ एप्रिलचं पान पुन्हा वाचवलं नाही. डोळे उघडे असून बघत नाहीस, हे मी तिला बोललो होतो.

१९ मे, सोमवार

मी हर्षदला फोन करून टाकी परत घेऊन जा म्हणालो. शुभाने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला म्हणाली, काही न्यायचं नाही, काकांचं डोकं फिरलंय.

माझं तिच्यासमोर धड बोलणं होत नाही. ती मात्र रोज खुर्चीवर बसते. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हाताने लसूण सोलते, आणि विचारते, पिवळा कुठाय?

२४ मे, शनिवार

आज दाब मोजला. बावीस. उतरतोय. बाई म्हणाल्या, अजून सुटका नाही, पण तूर्त ऑपरेशन थांबवू.

संध्याकाळी मी शुभाला तिच्या खुर्चीवर बसवलं. नजर समोर ठेव, मान हलवायची नाही, म्हटलं. ती म्हणाली, शूटिंग आहे का? मी छोटी टॉर्च घेतली आणि काचेवरून डाव्या टोकापासून सरकवत आणली. दिसली की सांग. एक फूट झालं, दोन झाले. ती शांत बसून होती, डोळे उघडे, चेहऱ्यावर टॉर्चचा उजेड पडत होता आणि तिला पत्ता नव्हता. अडीच फुटांच्या पुढे गेल्यावर म्हणाली, "आता." तिथे काचेवर पांढरी चिकटपट्टी लावली. नटाने कुठे उभं राहायचं ते दाखवायला सेटवर जमिनीला लावायचो, तीच. मग उजव्या टोकाकडून आणली. "आता." दुसरी पट्टी.

मध्ये मोजायची टेप धरली. बहात्तर इंचांपैकी एकोणीस.

मी तो आकडा तिला सांगितला. तिला सांगण्यासारखं नव्हतं, पण आता तिच्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय. ती म्हणाली, "बरंच आहे की." मी म्हटलं, तुला पहिल्यापासून माहीत होतं असं होणार, मग सहा फुटी कशाला घ्यायला लावलीस? तीन फुटी घेतली असती, सगळी दिसली असती.

ती जराशी हसली.

"मला वाटलं, मोठी असली की जास्त दिवस दिसेल."

मी तिच्या खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसलो. किती वेळ ते लिहून ठेवलेलं नाही.

नंतर हर्षदला फोन केला. गजरा हलवला तर चालेल का विचारलं. एका बोंडाच्या टोकाला मोहरीएवढा हिरवा आलाय, त्याचा फोटो पाठवला, तो बघून त्याने सांभाळून हलवा म्हटलं. शर्ट काढून खांद्यापर्यंत हात बुडवला आणि गजरा उचलून दोन पट्ट्यांच्या मध्ये आणून ठेवला. शुभा म्हणाली, अरे, हा इतका पांढरा झालाय? पांढरा पडल्यावर तिने तो आज पहिल्यांदा पाहिला.

आजची नोंद. तापमान २७. दिवे सहा तास, चारही सारखे, पंचवीस टक्के. खाद्याच्या बाटल्या तीनच ठेवल्या, फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात. फ्रिजच्या दारात थेंब. रात्री नऊला दोन्ही डोळ्यांत मी घातले, पहिला गालावर गेला, दुसरा नीट पडला. पट्ट्यांच्या आत गजरा आणि दोन्ही जोकर. पिवळा बाहेर गेला की कुठे आहे ते मी सांगायचं.